माडाच्या आळ्यांतील पातेरा

फाल्गुन-चैत्राचे दिवस आले कीं मुंबईच्या उपनगरांत एक देखावा नित्य दृष्टीस पडतो. अंधेरी असो वा मुलुंड, बोरीवली असो वा घाटकोपर. पहांटे खराट्याचा आवाज सुरू होतो, रात्रभर गळलेला पातेरा आवाराच्या एका कोपऱ्यांत जमा होतो, आणि झाडाखालची जमीन लख्ख झाली म्हणजे घरच्या माणसांस समाधान वाटतें. पुढें त्या ढिगाची वाट दोन प्रकारांनीं लागते. एक तर नजर चुकवून कोणी त्याला काडी लावतो आणि त्याचा धूर चार घरांच्या खिडक्यांतून आंत शिरतो. नाहीं तर तो गोण्यांत भरून कचऱ्याच्या गाडीवर चढतो. कांहीं वर्षांनीं त्याच आवारांतील माडाविषयीं तक्रार ऐकूं येते. पूर्वीसारखा नारळ धरत नाहीं, कोवळीं बोंडें गळतात, झावळ्या पिवळ्या पडतात. मग खताची एक पिशवी विकत आणली जाते. या खराट्याचा आणि त्या गळणाऱ्या बोंडांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. परंतु तो संबंध आहे, आणि तो बराच निकटचा आहे.

हीं उपनगरें म्हणजे मूळचें साष्टीचें बेट. पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंतचा व पूर्वेस भांडुपपर्यंतचा प्रदेश १९५० सालीं, आणि त्यापुढचा दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश १९५७ सालीं बृहन्मुंबईंत सामील झाला. तत्पूर्वीं येथें भातखाचरें होतीं, भाजीचे मळे होते आणि माडांच्या वाड्या होत्या. तेल देणाऱ्या वृक्षांची या भूमीला कधीं वाण नव्हती. माडाचें खोबरेल तर घरोघरचें; करंजाचें आणि उंडीचें कडू तेल कोंकणपट्टींत दिव्याला जाळीत; मोहाच्या बियांचें तेल डोंगरांतील वारली-कातकऱ्यांच्या चुलीवर चढे. आज वाड्यांच्या जागीं इमारती आल्या, तरी हे वृक्ष नाहींसे झालेले नाहींत. गोराई, मनोरी, मढ या समुद्रकांठच्या गांवीं माडांच्या वाड्या अजून दिसतात, करंज रस्त्याच्या कडेला सावली देतो, मोह बोरीवलीच्या वनांत उभा आहे. आणि जुन्या बंगल्याच्या जागीं सात मजली घर उठलें तरी त्याच्या कोपऱ्यांत दोन-चार माड राहिलेले असतात. हे वृक्ष कशावर जगतात, हा प्रश्न म्हणून उपनगरांतील प्रत्येक घराचा आहे.

या प्रश्नाचें उत्तर पाहावयाचें असेल तर बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत जावें. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या या वनांत कोणी नांगरीत नाहीं, खत घालीत नाहीं, उन्हाळ्यांत कोणी पाणी शिंपीत नाहीं. तरीही वृक्ष शतकानुशतकें पोसले जातात. वाटेपासून दहा पावलें आंत जाऊन जमिनीवरचा पातेरा हातानें बाजूस सारला, तर त्याचे तीन थर सहज ओळखतां येतात. सर्वांत वर यंदाचीं कोरडीं, पूर्ण आकाराचीं पानें. त्याखालीं ओलसर, काळपट, केवळ शिरांची जाळी उरलेलीं पानें. आणि त्याहीखालीं पान कोणतें व माती कोणती हें ओळखूं न येणारा, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचा काळा थर. झाडावरून पडलेलें पान या तीन पायऱ्या उतरून पुन्हा झाडांत जातें. खराटा ही शिडी पहिल्या पायरीवरच मोडून टाकतो.

या शिडीचें महत्त्व शेतीच्या शास्त्रांत ठसविण्याचें एक मोठें काम मराठी माणसांच्या वस्तीनें गजबजलेल्या इंदूर शहरांत झालें. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळांत तेथील संस्थेंत संशोधन करीत होते. शेतांतील काडीकचरा, पालापाचोळा व शेण यांपासून उत्तम खत करण्याची जी रीत पुढें ‘इंदूर पद्धति’ या नांवानें जगभर गेली, ती त्यांनीं यशवंत वाड या सहकाऱ्यासह सिद्ध केली, आणि १९३१ सालीं या विषयावरील ग्रंथ दोघांच्या नांवें प्रसिद्ध झाला. पुढें १९४० च्या आपल्या ग्रंथांत हॉवर्ड यांनीं अरण्य हाच शेतकऱ्याचा गुरु मानला. अरण्य जमीन उघडी ठेवीत नाहीं आणि कांहीं वायां घालवीत नाहीं, हें त्या गुरूचें शिक्षण होय.

जमीन झांकल्यानें नेमकें काय घडतें? पहिली गोष्ट पावसाची. टपोरा थेंब उंचावरून येतो तेव्हां त्याचा वेग सेकंदाला सुमारें ९ मीटर असतो. असे असंख्य थेंब उघड्या मातीवर आदळले म्हणजे तिचे कण फुटतात, बारीक गाळ तिच्या छिद्रांत बसतो आणि वर एक कठीण पापुद्रा तयार होतो. मग पाणी मुरावयाचें सोडून वाहूं लागतें आणि जातांना वरची सुपीक माती घेऊन जातें. पातेऱ्याचा थर तोच मार आपल्या अंगावर घेतो आणि पाण्याला सावकाश खालीं सोडतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. उपनगरांत वर्षाकाठीं सुमारें २४०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माडाच्या बुंध्यापासून दोन मीटरांचें आळें धरलें तर त्याचें क्षेत्र साडेबारा चौरस मीटर भरतें, आणि एवढ्याशा जागेवर पावसाळ्यांत सुमारें ३०,००० लिटर पाणी पडतें. उन्हाळ्यांत माडाला दर चार दिवसांनीं सुमारें २०० लिटर पाणी द्यावें असें तज्ज्ञ सांगतात. म्हणजे कोरड्या सहा महिन्यांची त्याची गरज ९,००० लिटरांच्या आसपास येते. आकाशांतून गरजेच्या तिपटीहून अधिक मिळतें, पण तें ठेवावयाचें कोठें? मातीच्या पोटांत जितकें राहील तितकेंच माडाचें. उघडी जमीन हें पाणी ऊन-वाऱ्याला देऊन टाकते. झांकलेली जमीन तें बरेच दिवस राखते. आच्छादनानें नळाची गरज सर्वस्वीं संपते असें नव्हे, परंतु दोन पाण्यांमधील अंतर वाढवितां येतें, आणि पाणी ठरावीक तासच येणाऱ्या उपनगरांत ही लहान गोष्ट नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि डोळ्यांना सर्वांत कमी दिसणारी. पातेरा हें झाडाचें अन्न नव्हे. तें मातींतील जीवांचें अन्न आहे, आणि त्या जीवांच्या मार्फत तें झाडाला पोंचतें. प्रथम वाणी, वाळवी, गोगलगायी आणि भिंग लावल्याशिवाय नीट न दिसणारे उड्या मारणारे पांढुरके किडे पान कुरतडतात. त्यांनीं केलेल्या तुकड्यांवर बुरशीचे धागे पसरतात व पानाचा चिवट भाग सोडवितात. जिवाणूंचें काम त्यांच्या जोडीनें चालतें. या सर्वांच्या शरीरांत अडकलेला नत्र, त्यांना खाणारे दुसरे जीव आले म्हणजे मोकळा होतो आणि मुळांना मिळतो. गांडुळें तर पान ओढून बिळांत नेतात आणि माती व पान एकत्र करून वर आणून टाकतात. चार्ल्स डार्विन यांनीं १८८१ सालीं गांडुळांवर एक संबंध ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरांत वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटांतून जाऊन वर येते, असा त्यांचा हिशेब होता. गांडुळांचीं बिळें म्हणजे हवेच्या व पाण्याच्या वाटाच. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओली असावी पण चिखल नसावी व तींत हवा खेळती असावी, ती स्थिति हे जीव विनामूल्य राखतात. त्यांची मागणी दोनच गोष्टींची असते, अन्न आणि सावली; आणि पातेऱ्यांत त्यांना दोन्ही मिळतात.

कांहीं बुरशींचें झाडाशीं नातें तर याहून जवळचें आहे. त्यांचे धागे मुळाच्या आंत शिरून राहतात व बाहेर मातींत दूरवर पसरतात. मुळाला पोंचतां न येणाऱ्या जागेंतून ते स्फुरद व पाणी आणून देतात आणि त्याबदल्यांत झाडाकडून साखर घेतात. माडाला या सोबतीची विशेष गरज आहे. त्याला आंब्याप्रमाणें खोल जाणारें सोटमूळ नसतें. बुंध्याच्या तळापासून जाड दोरीसारखीं हजारों मुळें फुटतात, त्यांवर केंसासारखीं सूक्ष्म मुळें नसतात, आणि अन्न घेणारीं बहुतेक मुळें बुंध्यापासून दोन मीटरांच्या आंतच असतात. म्हणजे खराटा जी जागा झाडतो, तीच माडाच्या जेवणाची जागा होय.

आतां गळणाऱ्या बोंडांचें कोडें उलगडतें. निरोगी माडाला वर्षाकाठीं सुमारें बारा झावळ्या येतात आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यांत एक पोय धरते. परंतु आज जी पोय उघडते आहे तिचा आरंभ झाडाच्या गाभ्यांत अडीच-तीन वर्षांपूर्वींच झालेला असतो. आणि ती उघडल्यापासून नारळ पक्व होण्यास आणखी सुमारें एक वर्ष जातें. यंदाच्या उन्हाळ्यांत माडाला ताण पडला तर त्याची खूण या वर्षाबरोबरच पुढल्या दोन-तीन वर्षांच्या नारळांवरही उमटते. झाडलोट आणि उत्पन्नांतील घट यांचा संबंध लोकांच्या ध्यानांत येत नाहीं, याचें हेंच कारण. त्याचप्रमाणें आच्छादनाचा गुणही लगेच दिसत नाहीं. पहिल्या वर्षीं माती बदलते, दुसऱ्या वर्षीं झावळ्यांचा रंग बदलतो, आणि नारळांची संख्या पाहावयास तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत धीर धरावा लागतो. ज्यांनीं एका वर्षांत निकाल मागितला आणि मिळाला नाहीं म्हणून पुन्हा खराटा हातीं घेतला, त्यांनीं लावलेलें भांडवल व्याज मिळण्यापूर्वींच मोडलें.

जाळण्याची चालही या प्रदेशांत नवी नाहीं, आणि ती केवळ अज्ञानांतून आली असें म्हणणें अन्यायाचें होईल. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या रोपासाठीं कवळ, पाला व शेण पसरून राब भाजण्याची रीत फार जुनी. या राबाच्या हक्काचा प्रश्न १८८५ ते १८८७ च्या मुंबई वन आयोगापुढें मोठ्या वादाचा विषय झाला होता. राबानें तणाचें बीं मरतें व रोपाला राखेंतील पालाश तात्काळ मिळतो, हें खरें. मोहाखालचा पाला जाळतात तोही फुलें वेंचणें सोपें जावें म्हणून. परंतु भाताचें रोप महिन्याभरांत दुसरीकडे जातें, वृक्षाला मात्र त्याच जागीं शंभर वर्षें काढावयाचीं असतात. पाला जाळला म्हणजे त्यांतील बहुतेक नत्र धुराबरोबर उडून जातो. राखेंतील पालाश पहिल्या मोठ्या सरीबरोबर गटाराची वाट धरतो. आणि वरच्या थरांतील जीव होरपळतात. मोहाखालीं तर आगीनें त्याचीं कोवळीं रोपेंही मरतात, आणि म्हाताऱ्या वृक्षांमागें तरुण वृक्ष उरत नाहींत.

मुंबईच्या उत्तरेस गुजरातच्या सीमेलगत, उंबरगांवाजवळील देहरी या गांवीं भास्कर सावे यांनीं केलेला प्रयोग या संदर्भांत पाहण्यासारखा आहे. उंबरगांवचा हा भाग १९६० पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होता, आणि तेथील हवा व पाऊस उपनगरांच्या जातीचाच. सावे यांनीं आरंभीं रासायनिक खतांची शेती केली. पुढें तिचा मार्ग सोडून ‘कल्पवृक्ष’ नांवाची सुमारें चौदा एकरांची वाडी उभारली. माड आणि चिकू यांची मिश्र लागवड, जमिनीवर सदैव पाल्याचें आच्छादन, नांगरट नाहीं, आणि पाणी बुंध्याशीं न देतां ओळींमधील चरांतून. असा त्या वाडीचा क्रम. १९२२ ते २०१५ असें दीर्घ आयुष्य त्यांना लाभलें आणि देशोदेशींचे लोक ती वाडी पाहून गेले. संशोधन संस्थांची दिशाही याहून निराळी नाहीं. केरळांतील कासरगोड येथें १९१६ पासून माडाचें संशोधन चालूं आहे. माडाचें आळें झावळ्यांनीं व सोडणांनीं झांकावें अशी तेथील शिफारस आहे, आणि माडाच्याच झावळ्यांचें यूड्रिलस जातीच्या गांडुळांकडून खत करून घेण्याची रीत त्या संस्थेनें बसविली आहे.

सोडणाचा उल्लेख येथें मुद्दाम केला पाहिजे. नारळ सोलला कीं सोडण फेंकण्याची आपली चाल आहे. पण सोडणांत पालाशाचा मोठा वांटा असतो आणि पालाश हेंच माडाचें मुख्य मागणें. शिवाय सोडण आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून ठेवतें, आणि मातींत पुरलेल्या सोडणांचा गुण पांच-सात वर्षें टिकतो. शहाळेंवाल्याच्या गाडीशेजारीं जो ढीग उपद्रव म्हणून पडलेला असतो, तो म्हणजे माडाच्या घरांतून बाहेर गेलेला ठेवा आहे.

येवढें सांगितल्यावर आच्छादनाचे धोकेही सांगणें अवश्य आहे, कारण शहरांत त्यांचें स्वरूप गंभीर होऊं शकतें. पहिला धोका डांसांचा. सोडण किंवा करवंटी खोलगट बाजू वर करून उघड्यावर ठेवली तर तींत पावसाचें पाणी सांचतें, आणि डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डांसाला तेवढी वाटीही पुरते. म्हणून वर पसरावयाचीं सोडणें पालथीं घालावींत, पुरावयाचीं असल्यास मातीनें पूर्ण झांकावींत, आणि करवंट्या आळ्यांत घालूंच नयेत. दुसरा धोका गेंड्या भुंग्याचा. माडाच्या शेंड्यांत शिरून कोंवळी सुई कातरणाऱ्या या भुंग्याची अळी कुजक्या खोडांत व शेणखताच्या जुन्या ढिगांत वाढते. पसरलेला पातळ थर तिला मानवत नाहीं. कोपऱ्यांत महिनोन्‌महिने न हलविलेला ढीग मात्र फार मानवतो. म्हणून पाला पसरावा, साठवूं नये. खताचा खड्डा असेल तर तो वरचेवर उलटावा. आणि मेलेल्या माडाचें खोड आवारांत ठेवूं नये.

तिसरी गोष्ट थराच्या बेताची. चार बोटें जाडीचा थर पुरे होतो. करंज, उंडी, मोह यांच्या बुंध्याला ओला पाला टेंकून राहिल्यास साल कुजते व वाळवी चढते. यास्तव बुंध्याभोवतीं वीतभर जागा मोकळी सोडावी. भरावाच्या चिकण जमिनींत पावसाळ्यांत थर पातळ ठेवावा व पाण्याला वाट काढून द्यावी. गोराई-मनोरीच्या रेताड जमिनींत तो जाड असला तरी चालतो. कोरडा पाला किंवा लाकडाचा भुसा मातींत खणून मिसळूं नये; तसें केल्यास तो कुजविणारे जीव मातींतला नत्र ओढून घेतात आणि झाड कांहीं काळ उपाशी राहतें. वरच पसरला तर ही आपत्ति जवळजवळ टळते. आणि प्लास्टिकची एकही पिशवी त्यांत राहूं देऊं नये.

योग्य काळ कोणता, हेंही पुष्कळदां विचारलें जातें. पाऊस सरतांना, भाद्रपद-आश्विनांत, माती आंतून ओली असतांना आळें झांकावें. कारण आच्छादन ओल राखतें, निर्माण करीत नाहीं. फाल्गुन-चैत्रांत गळणारा पाला त्यावर चढवावा. करंजाचें पान पातळ व नत्रयुक्त, तें लवकर जिरतें. उंडीचें व आंब्याचें पान जाड, तें सावकाश. झावळी त्याहून सावकाश, म्हणून ती तोडून घालावी. जलद व मंद कुजणारीं पानें एकत्र असलीं म्हणजे मातींतील जीवांना वर्षभर शिधा पुरतो. नारळ विकले वा खाल्ले जातात तेव्हां त्यांच्याबरोबर आवारांतून कांहीं द्रव्य जातेंच. म्हणून आच्छादनास वर्षाकाठीं थोड्या कुजलेल्या खताची जोड द्यावी.

आतां उरतो प्रश्न नीटनेटकेपणाचा, आणि खरें पाहतां अडचण तेथेंच आहे. पातेरा म्हणजे केर, ही समजूत सुशिक्षित घरांत फार खोल रुजलेली आहे. पण हा केर जातो कोठें? १९२७ पासून शहराचा कचरा पोटांत घेणाऱ्या देवनारच्या भूमीला जानेवारी २०१६ मध्यें लागलेल्या आगीचा धूर साऱ्या मुंबईनें अनुभवला. मुलुंडची कचराभूमि २०१८ सालीं भरून बंद झाली. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं बागेचा कचरा आपल्याच आवारांत वेगळा ठेवण्याची जबाबदारी घरमालकांवर घातली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास साध्या प्रकारांत ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणांत जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. याच न्यायाधिकरणानें २०१३ सालीं दिल्लींतील झाडांभोवतींचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढावयास सांगितलें होतें. उपनगरांत बुंध्यापर्यंत फरशी बसविलेलीं आवारें पुष्कळ आहेत. तेथें पातेरा पसरण्याची इच्छा झाली तरी जागा नसते. तेथें आधीं फरशी काढावी लागेल.

यासाठीं संस्थेच्या सभेंत मोठा ठराव नको. एका माडापासून आरंभ करतां येईल. त्याच्याभोवतीं दोन मीटरांचें आळें विटांच्या रांगेनें आखून द्यावें, म्हणजे जागा नीटनेटकी दिसेल. झाडणाऱ्या माणसाला त्या रांगेच्या आंत खराटा न फिरविण्यास सांगावें, आणि बाहेर झाडलेला पाला आंत टाकण्याची मोकळीक द्यावी. त्याचे श्रमही त्यानें कमीच होतील. शेजारचा दुसरा माड पूर्वीप्रमाणें झाडीत राहावें. पहिला पाऊस पडून गेल्यावर घरांतील मुलांनीं दोन्ही ठिकाणची मूठभर माती उकरून पाहावी. एका मुठींत गांडूळ सांपडेल, दुसरींत बहुधा सांपडणार नाहीं. नारळांचा हिशेब त्यानंतर तीन-चार वर्षांनीं करावा.